नकाशाबरहुकूम

"रंगराव, टेप परत धरा. भिंतीला टेकवून धरा, लोंबू देऊ नका."

"साहेब, तिसऱ्यांदा धरतोय. भिंती काय रातीत वाढत्यात व्हय?"

रंगराव गवंड्याचं वैतागणं रास्त होतं. धायरीतल्या त्या नव्याकोऱ्या घराखाली, खांबाखांबांमधून, श्रीनिवास ओगले हातात मंजूर नकाशा घेऊन कधीचा फिरत होता. मधेच वर जात होता, मागे जाऊन कंपाउंडपर्यंतचं अंतर मोजत होता, परत येऊन नकाशा उलटा धरून बघत होता. त्याला हवी असलेली वस्तू काही सापडत नव्हती. त्याला फरक हवा होता. नकाशा आणि घर यांच्यातला फरक.

असा फरक असतोच. श्रीनिवासचा सगळा प्रपंच त्या फरकावर उभा होता. नारायण पेठेत एका जिन्याखाली त्याचं दोन टेबलांचं ऑफिस. लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे, पालिकेत दाखल करायचे, मागे हिंडून मंजूर करून आणायचे, आणि घर उभं राहिलं की 'नकाशाप्रमाणेच झालं आहे, आता राहायला हरकत नाही' असा दाखला, म्हणजे भोगवटापत्र, मिळवून द्यायचं. पूर्वी कामं बेताची होती. मग हिंजवडीला काचेची ऑफिसं उगवली, त्या काचांमागे बसणाऱ्या पोरांना पाठ टेकायला जागा लागू लागली, आणि सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्याच्याकडे म्हणून दोन गुंठे होते तो घरमालक व्हायला निघाला. श्रीनिवासचा दुपारचा डबा संध्याकाळी तसाच घरी परत येऊ लागला.

धंद्याची एक रीत होती. नकाशे दोन काढायचे. एक पालिकेचा, एक गवंड्याचा. पालिकेचा नकाशा म्हणजे बघायला आलेल्या मंडळींसमोर पोह्यांची बशी घेऊन आलेली मुलगी. मान खाली, पदर नीट, सगळं नियमात. चारी बाजूंना सांगितली तेवढी जागा सोडलेली, तळाला खांबांवर मोकळं पार्किंग, वर दोन मजले. मोकळं पार्किंग बांधकामात धरत नाहीत, म्हणून प्लॉटवर बांधकामाची जेवढी मुभा आहे तेवढी सगळी वरच्या मजल्यांना द्यायची. दाखला हातात पडला की खालच्या खांबांमध्ये विटा चढतात आणि पार्किंगची खोली होते. ती खोली गवंड्याच्या नकाशात आधीपासून काढलेलीच असते. सगळी गल्ली असंच करत होती. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला लबाडी म्हणणं म्हणजे पंगतीतल्या आग्रहाला जुलूम म्हणण्यासारखं होतं.

तात्याराव ओव्हाळांचं घर मात्र पालिकेच्या नकाशासारखं झालं होतं. हुबेहूब. जिना नकाशात जिथून सुरू होतो तिथूनच सुरू होत होता. गॅलरी कागदावर जेवढी बाहेर आली होती, तेवढीच बाहेर आली होती. आणि खाली मोकळं पार्किंग होतं. नुसते खांब आणि त्यांच्यामधून वाहणारं वारं.

"काय ओगले, सापडलं काही?" तात्याराव जिन्यावरून उतरत म्हणाले. पांढरा शर्ट, खिशाला एक निळं पेन आणि एक तांबडं. सरकारच्या ऑडिट खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण तांबडं पेन अजून निवृत्त झालं नव्हतं.

"तात्याराव, मी तुम्हाला दोन नकाशे दिले होते."

"दिले होते. एकावर शिक्का होता, एकावर नव्हता."

"अहो, दुसरा गवंड्यासाठी होता."

"शिक्का नसलेला कागद मी आयुष्यात कुणाच्या हातात दिलेला नाही. जपून ठेवलाय. हवा असेल तर परत न्या."

श्रीनिवासने रंगरावकडे पाहिलं. रंगरावने टेप गुंडाळायला घेतली. "मला ह्योच दिला साहेब. म्हनलं आसंल. आमी काय, कागूद देतील तसं बांधतो. पर एक सांगू? शिक्क्यावाला नकाशा जिंदगीत पैल्यांदा बगितला. लई सुबक आसतो."

मागच्या खांबाशी फरश्यांच्या चळतीवर एक बाई पाय लांब करून बसल्या होत्या. त्या कांताबाई, तात्यारावांची पत्नी.

"ओगलेसाहेब," त्या म्हणाल्या, "सगळं मोजून झालं असंल तर माझी खोली तेवढी दाखवा."

श्रीनिवासने रंगरावकडून टेप घेतली, खिशात घातली, काढली, पुन्हा घातली.

त्या खोलीसाठीच तर हे घर निघालं होतं. पहिल्यांदा दोघं नारायण पेठेत आले तेव्हा त्यांचं कशावरच एकमत नव्हतं. तात्यारावांना उत्तरेकडे खिडक्या हव्या होत्या, बाईंना ओटा पूर्वेला हवा होता. एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: बाईंचे गुडघे गेलेत, त्यांना खाली एक खोली, आणि तिला गल्लीकडे दार. "सरकारी क्वार्टरात तिसऱ्या मजल्यावर जन्म गेला," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "वरून माणसांची नुसती टाळकी दिसतात हो. तोंडं दिसत न्हाईत. मला आता तोंडं बघत बसायचंय." श्रीनिवासला ते वाक्य आवडलं होतं. त्याने खोली काढली, दार काढलं, दाराशेजारी फुकटात एक खिडकीही काढली. सगळं दुसऱ्या नकाशात.

आणि आता त्याच्या डोक्यात जे आलं त्याने तो जास्तच गोंधळला. हा माणूस पालिकेचा नकाशा खरंच बांधणार आहे, हे आधी कळलं असतं तर गोष्ट सोपी होती. वरचा मजला थोडा आखडता घ्यायचा आणि खोली खाली रीतसर दाखवायची. मंजूर झाली असती. पण भाड्याच्या पोरांसाठी वर जेवढं मिळेल तेवढं घेतलेलं, आणि खोली 'नंतर'वर ढकललेली. आता मुभा संपली होती. प्रामाणिक माणसासाठी नकाशा कसा काढायचा असतो, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"बघू," तो म्हणाला. "दाखला तर येऊ दे हातात."

घरी बायकोला, हेमाला, हे सांगताना त्याचा आवाज चढला. हेमा कोशिंबिरीला काकडी चोचवत होती. "म्हणजे तुम्ही काढलंत तसं त्यांनी बांधलं," ती म्हणाली, "आणि त्याचा तुम्हाला धक्का बसला."

"तसं नाही गं. त्याला एक पद्धत असते."

"असते ना. मी पोळी वाढते, तुम्ही भात जेवता." आणि तिने काकडीला दोन घाव जास्त घातले.

पालिकेकडून पाहणीला आलेले साहेब तर श्रीनिवासहून गोंधळले. तरुण होते, चांगले होते, त्या दिवशी त्यांना अजून चार ठिकाणी जायचं होतं. अशा वेळी माणूस नजरेने आधी फरक शोधतो, मग त्यावर बोलतो, मग पुढे जातो. इथे नजर खांबांतून आरपार जाऊन मागच्या भिंतीवरच्या मांजरावर थांबली.

"ओगले, मागे काय काढलंय?"

"काही नाही साहेब. मांजर."

"जिन्याखाली?"

"जिन्याखाली जिन्याखालची जागा आहे."

साहेबांनी स्वतः टेप धरली. एक अंतर घेतलं, नकाशात पाहिलं. दुसरं घेतलं. मग श्रीनिवासला बाजूला ओढून हळूच म्हणाले, "खरं सांगा. काय चाललंय इथे? कोर्टात वगैरे केस आहे का मालकाची?"

"नाही हो."

"वर्तमानपत्रात लिहितात का?"

"ऑडिटात होते."

"हां." साहेबांचा चेहरा जरा सैलावला, पण पुरता नाही. निघताना त्यांनी तात्यारावांचा हात हातात घेतला. अभिनंदन करावं की सांत्वन, हे त्यांचं ठरलेलं दिसत नव्हतं.

दाखला आला. त्याच आठवड्यात श्रीनिवासने, कुणी न सांगता, रंगरावला विटांची एक खेप धायरीला टाकायला सांगितली आणि सकाळी स्वतः हजर झाला. हे त्याने का केलं ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या घरात वीट लावायची हौस त्याला कधी नव्हती. पण रोज दुपारी डबा उघडला की त्याला फरश्यांच्या चळतीवर बसलेली बाई दिसायची, आणि भाजी गार व्हायची.

"चार दिवसांचं काम आहे," तो तात्यारावांना म्हणाला. "तीन भिंती, एक दार. ह्या गल्लीत बघा, ज्यांना दाखला मिळालाय त्यांच्यात एक तरी पार्किंग शिल्लक आहे का? कुणी येत नाही विचारायला."

तात्याराव विटांकडे बघत होते. "नकाशात नाही," ते म्हणाले.

"नकाशात नाही, नकाशात नाही!" कांताबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. वरून तिथवर यायला त्यांना कठड्याला धरून कितीदा तरी थांबावं लागलं होतं. "तो शिक्का मारा आता माझ्या गुडघ्यावर. म्हंजे तरी तुमच्या ध्यानात येईल."

त्यांचा मुलगा समाधान ऑफिसला निघाला होता. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, हातात हेल्मेट. "पप्पा, बी प्रॅक्टिकल यार. एव्हरीबडी डज इट. आईचा इश्यू आहे."

"तू जा," तात्याराव म्हणाले. "तुला उशीर होईल."

समाधान खांदे उडवून गेला. रंगरावने घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसून तंबाखू मळायला घेतली. मालकांच्या भांडणाला किती वेळ लागतो याचा त्याला अनुभव होता.

मग तात्यारावांनी असं काही केलं की श्रीनिवास बघतच राहिला. त्यांनी खिशातलं तांबडं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "कांता," ते म्हणाले, "माझं म्हणणं तुला माहीत आहे. पण गुडघे तुझे आहेत. तू बांध म्हणालीस तर बांधू. मी आक्षेप घेणार नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग विटांकडे. विटा नव्या होत्या, चांगल्या भाजलेल्या, लालभडक. त्यांनी हात लांब करून एक उचलली आणि मांडीवर ठेवली.

"साहेब," त्या श्रीनिवासला म्हणाल्या, "आन् कुणी आलं बघायला, तर?"

"अहो, येत नाही कुणी."

"आलं तर?"

"आलं तर... बघू. करू काहीतरी."

"बघू," बाई म्हणाल्या. "लग्न करून आले तवा आमची झोपडी कालव्याच्या कडेला होती. तिथं पण एक जण होते, असेच, चांगले होते बिचारे. बघू म्हनायचे. पालिकेची गाडी आली की सासूबाई आधी पिठाचा डबा उचलायच्या आन् मी ह्यांची पुस्तकं. समाधान पोटात होता तवाची गोष्ट. घर पाडायला लई वेळ लागत न्हाई हो, साहेब. निस्ता पत्रा तर होता. पन पाडनारा मानूस आधी विचारायचा, कागद हाय का? तेवढं मला अजून ऐकू येतं." त्यांनी विटेवरची धूळ पदराने पुसली. मग वीट चळतीवर परत ठेवली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "रंगराव, ह्या न्या."

"न्यायच्या? वैनी, आत्ता तर उतरवल्यात."

"न्या म्हनलं ना."

तात्याराव त्यांना हात द्यायला पुढे झाले. बाईंनी हात झिडकारला आणि कठड्याला धरून एकट्या वर चढू लागल्या. मधल्या वळणावर थांबल्या, दम घेतला आणि खाली न बघता म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं, म्हनून मी बोलनार न्हाई तुमच्याशी. आठ दिवस तरी."

श्रीनिवास स्कूटरला लाथा मारत होता आणि ती सुरू होत नव्हती. बाई जिंकली होती की हरली होती? आणि आपण नेमके कुणाच्या बाजूने आलो होतो? नारायण पेठेपर्यंत हा हिशेब काही जुळला नाही.

सहासात महिन्यांनी त्याच गल्लीत दुसऱ्या एकाच्या कामाला तो गेला तेव्हा ओव्हाळांच्या पार्किंगमध्ये त्याला पांढऱ्या तैलरंगाचे पट्टे दिसले. मंजूर नकाशात पार्किंगचे चौकोन असतात: एक मोटारीचा, दोन स्कूटरचे. ते काढतात सगळे, जमिनीवर आजवर कुणी रंगवलेले नव्हते. तात्यारावांनी रंगवले होते, नकाशातल्या मापाचे, कोपरे काटकोनात. मोटारीचा चौकोन रिकामा होता. एका चौकोनात समाधानची स्कूटर उभी होती. आणि दुसऱ्यात, गल्लीकडे तोंड करून, चाकांच्या खुर्चीत कांताबाई बसल्या होत्या. मांडीवर निवडायचे तांदूळ.

"या साहेब! बगा, मला गाडी केली ह्यांनी. हॉर्न तेवढा बसवायचा राह्यलाय."

तात्याराव शेजारी वेताच्या मोड्यावर बसले होते. मोडा पट्ट्याच्या बाहेर होता. श्रीनिवासने चौकोनाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर प्रश्न दिसला असावा.

"चाकं आहेत," तात्याराव म्हणाले. "चालवणारा लागतो. उभी करायला जागा लागते. पार्किंग पार्किंगसाठीच वापरात आहे. काही आक्षेप?"

"छे, छे. आक्षेप कसला."

"सापडला तर सांगा. मी पंधरा दिवस शोधत होतो." एवढं बोलून ते हसले. श्रीनिवासने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यावर आपणही हसायचं की नाही, हे कळेपर्यंत ते थांबले होते.

गल्लीतून जाणाऱ्या बायका बाईंशी बोलायला थांबत होत्या. कुणाची सून, कुणाचा दवाखाना. बाई तोंडं बघत होत्या. दिवे लागायच्या वेळेला समाधान आला, वरचं भाडेकरू पोरगंही आलं, आणि दोघांनी खुर्ची दोन्हीकडून उचलली. "चलो आंटी, लिफ्ट आ गयी," पोरगं म्हणालं. "हळू रे मेल्यांनो, तांदूळ सांडतील," बाई खुर्चीतून म्हणत गेल्या. मागून तात्याराव मोडा घेऊन गेले.

पुढची काही वर्षं श्रीनिवासचं तिकडे जाणं झालं नाही. शहराच्या कडेला एवढी घरं उठत होती की त्याला नकाशांतले दोन्ही प्रकार पुरेनात. त्याने ऑफिसात कॉम्प्युटर घेतला, तिसरं टेबल घेतलं. मग एकदा नियम बदलले. नियम बदलतच असतात, पण या बदलात एक कलम असं होतं की ते वाचताना त्याने चष्मा काढून पुसला. ठरलेलं शुल्क भरलं की जुन्या घरांनाही थोडं जास्तीचं बांधकाम मिळणार होतं. त्याने ओव्हाळांची फाइल काढली. आकडे मांडले. परत मांडले. खोली बसत होती. दार बसत होतं. खिडकीसुद्धा बसत होती.

कुणी सांगितलेलं नसताना त्याने नकाशा काढला. एकच. दुसरा काढायचा नाही म्हटल्यावर हात जरा बिचकत होता, तरी काढला. हेमा म्हणाली, "आज काय, स्वतःशीच गाणं म्हणताय?" दुसऱ्या दिवशी तो गुंडाळी काखेत मारून धायरीला गेला.

गल्ली ओळखू येत नव्हती. ज्या ज्या खांबांमध्ये पार्किंग होतं तिथे झेरॉक्स, खानावळ, मोबाइलचं दुकान, ब्यूटी पार्लर. सलग भिंत झाली होती, आणि त्या भिंतीत एकाच ठिकाणी मोकळं होतं, तिथून वारं येत होतं. पट्टे पुन्हा रंगवलेले दिसत होते. मोटारीच्या चौकोनात समाधानची गाडी होती. एका चौकोनात स्कूटर. दुसरा चौकोन रिकामा होता, झाडलेला.

तात्याराव मोड्यावर बसले होते. शर्ट पांढराच होता. श्रीनिवासच्या पायातला वेग आपोआप कमी झाला.

"या ओगले," ते म्हणाले. "तुम्हाला कळवायचं राहून गेलं. दिवाळीच्या आधी गेली."

श्रीनिवास उभाच राहिला. काखेतली गुंडाळी मागे सरकवावी असं त्याला वाटलं, पण ती लांब होती, मागे सरकत नव्हती.

"काय आणलंय?"

"काही नाही. असंच."

"नकाशा दिसतोय. बघू."

द्यावाच लागला. तात्यारावांनी तो मांडीवर उलगडला. खिशातलं पेन काढलं, निळं, आणि प्रत्येक आकड्याशी थांबत, ओठ हलवत, तपासत गेले. खोलीच्या चौकोनाशी आले. गल्लीकडच्या दाराशी आले. दाराशेजारच्या खिडकीवर पेनचं टोक थोडा वेळ टेकून राहिलं. गल्लीत कुणीतरी कुणाला तरी हाक मारली.

"हे आता मंजूर होईल?"

"होईल. सगळं नियमात आहे."

"हं. बेरीज बरोबर आहे." त्यांनी कागद होता तसाच गुंडाळला आणि परत केला. "चहा घेणार ना? वर चला. जिना जरा सांभाळून."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा कुणी नवा भाडेकरू मोटरसायकलवर आला. पाठीवर सॅक, कानात वायरी. रिकामा चौकोन बघून त्याने हँडल तिकडे वळवलं.

तात्याराव उठले नाहीत. त्यांनी नुसता तळहात वर केला.

"तिथे नको, बाळ. ती जागा दिलेली आहे."

पोराने चौकोनाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, श्रीनिवासकडे पाहिलं. श्रीनिवासने मान हलवली. मग पोराने कानातल्या वायरी न काढताच गाडी मागे घेतली आणि बाहेर रस्त्यावर लावली.